मजकूर वाचून आनंद झाला

"काहीही लिहा," डॉक्टर म्हणाले. मी लिहिलं, 'मी ठाण्याला कोपरीत राहतो.' त्यांनी कागद क्षणभर बाजूला घेतला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "आता वाचा."

मला वाचता येईना. अक्षर माझं, शाई अजून ओली, आणि कागदावर नुसत्या रेघा. तीस वर्षं पोरांकडून बाराखडी घोटून घेतली, कितीजणांचे कान पिळले, आणि शेवटी मीच 'ढ' ठरलो.

याला अ‍ॅलेक्सिया म्हणतात, म्हणजे अक्षर दिसत असूनही वाचता न येणं. मेंदूच्या मागच्या भागातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. तिथे व्हाइट मॅटर, म्हणजे पांढऱ्या तंतूंचे जुडगे असतात. डोळ्यांनी पाहिलेलं ते शब्दांच्या जागेपर्यंत पोचवतात. "ठाण्याचं तार ऑफिस चालू आहे, कल्याणचंही चालू आहे. मधली तार तुटलीय," डॉक्टर म्हणाले. "ती जोडता येणार नाही. दुसऱ्या वाटेनं जाता येतं का, बघू."

हे सगळं सुरू झालं त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर परक्या लिपीत छापल्यासारखं दिसलं. मी चष्म्याला दोष दिला. कल्याणला जाऊन दोनदा काचा बदलल्या. मग मुंबईच्या इस्पितळात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, नजरेचा पट्टा मोजला. उजवीकडचं अर्धं मला दिसतच नव्हतं. बाहेर बाकावर प्रत्येकाबरोबर कोणीतरी होतं. माझ्याबरोबर छत्री होती.

कोणाला सांगितलं नाही. पत्नी जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी कुसुम नागपूरला, पहिलटकरीण, तेव्हा चौथा महिना. माहेरी करायला आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तिला घोर कशाला लावायचा? आणि शेजाऱ्यांना सांगायचं तर गुरुजींना वाचता येत नाही हे बोलायचं कोणत्या तोंडानं?

आजाराच्या दुसऱ्याच आठवड्यात तिचं कार्ड आलं होतं. मला पत्र लिहिणारं दुसरं होतंच कोण? वाचता आलं नाही, पण लिहिता येत होतं. जन्मभर लिहीत आलो तसंच लिहिलं : 'तुझे पत्र पावले. मजकूर वाचून आनंद झाला. प्रकृतीस जपावे.' आणि पेटीत टाकून आलो.

त्यानंतर पत्र नाही. पोस्टमन दारावरून जाताना म्हणायचा, "गुरुजी, लेक रुसली का काय? लय दिवस कार्ड नाय." मी हसून म्हणायचो, "अरे, तिला आता सवड कुठली?" दार लावलं की घर खायला उठायचं.

डॉक्टरांनी दुसरी वाट दाखवली. "अक्षर ओळखू नका, बोटानं गिरवा. हाताला पाठ आहे." मी ताटलीत रांगोळी पसरली आणि पोरासारखा बसलो. कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवायचं, तसंच रांगोळीत काढायचं. हात सांगायचा, हा क. महिन्याभराने शब्द जुळू लागले. मग पहिल्यांदा कुसुमचं ते कार्ड घेतलं.

एक ओळ व्हायला दुपार गेली.

'बाबा, बाळ राहिलं नाही. तुम्ही या.'

मी पुन्हा गिरवलं. बोट चुकलं असेल म्हणून तिसऱ्यांदा गिरवलं. चुकलं नव्हतं. याला मी उत्तर पाठवलं होतं, आनंद झाला म्हणून. मी मोठ्यानं रडलो.

त्याच दिवशी सगळं खरं लिहून पाठवलं. नागपूरला जायला हवं होतं, पण परक्या स्टेशनांवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या आणि तिच्यासमोर उभं राहायची हिंमतही नव्हती.

माझ्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना इतकंच सांगतो : वाचता येत नाही हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा. लाज चार दिवसांची असते. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळे मला माझी चूक तरी वाचता आली.

नवव्या दिवशी पोस्टमन धापा टाकत आला. "गुरुजी, आलं! पन ही काय लिवायची तऱ्हा? पोरांच्या पाटीवानी!"

खरंच, एकेक अक्षर अंगठ्याएवढं, सुटं सुटं. मी त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि त्याच्यासमोरच रांगोळीची ताटली पुढे ओढली.

'बाबा, मीच येते. तोवर उत्तर लिहू नका.'