आप्पांच्या भिंतीवरचा निवडुंग

विणकरांच्या खासबागेत पॉवरलूम आले, तरी आमच्या शेजारचे आप्पा हातमागच चालवत राहिले. त्यांच्या परसातल्या भिंतीवर वेलीसारखा चढणारा निवडुंग होता. तसला दुसरा आसपास कुठंच नव्हता. कुणी फांदी मागितली की म्हणायचे, “मागून न्हेल्यालं जगत न्हाय रं. चोरूनच न्ह्याय पायजे.” मग पाणी प्यायला म्हणून आत जायचे, ते बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. मी तशीच नेलेली फांदी आमच्या आंब्यावर चढली.

एका पावसाळ्यात ती भिंत पडली आणि आप्पांचा निवडुंग कुजून गेला. आठवड्यानं आप्पा आमच्याकडं आले, आंब्याखाली बसले आणि म्हणाले, “जरा पाणी देतोस काय रं?”

मी आत गेलो आणि लख्ख तांब्या पुन्हा घासत बसलो.