चहाच्या टेबलावरून उडी

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा आमची तुकडी साताऱ्यात होती. रिसाल्यात घोड्यांच्या जागी टँक येऊन काही वर्षं झाली होती. आमच्याकडे उरले होते ट्रेनिंगचे घोडे आणि त्यांना सांभाळणारी आम्ही मूठभर माणसं. रोज कुणीतरी डिस्चार्ज घेऊन, ट्रंक खांद्यावर टाकून मोटार स्टँडकडे जायचं. माणूस गेला की त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवायची, असा हुकूम होता. शेवटी शेवटी बराकीत माणसांपेक्षा गुंडाळलेल्या गाद्याच जास्त दिसायच्या.

मला घाई नव्हती. मी आष्ट्याचा. मी इराकात असताना आई गेली. तार माझ्या हातात पडली तोवर तिचं सगळं उरकलंही होतं. घराला कुलूप. कुलूप उघडायला कोण धावत जातं? मी लान्स दफादार होतो, दोन वेळचं जेवण मिळत होतं आणि बोलायला सवार बिराप्पा होता.

बिराप्पा जतकडचा, धनगराचा. घरात कानडी, बाजारात मराठी, फौजेत हिंदुस्थानी, आणि शिव्या तिन्ही भाषांत सारख्याच सफाईनं द्यायचा. त्याची घोडी मैना, तांबूस रंगाची, वयानं उतरलेली. "बा, मैना, बा," म्हणाला की कुठूनही यायची. बा म्हणजे कानडीत ये. मीही तसंच हाकारून पाहिलं. घोडीनं एक कान हलवला आणि चंदी खात राहिली. बिराप्पा पोट धरून हसला.

एके दिवशी सकाळच्या फॉलइनला रिसालदार साहेबांनी सांगितलं, तुकडी मोडणार. घोड्यांचं कास्टिंग होणार. तुम्हा सिव्हिलियन लोकांना हा शब्द ठाऊक नसेल. कास्टिंग म्हणजे घोडा फौजेतून कमी करणं. तरणा असेल तर विकतात. म्हातारा असेल तर गोळी घालतात. बिराप्पानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो मैना बांधली होती त्या लाईनीकडे बघत होता.

एकच वाट होती. सांगलीतल्या काही हौशी मंडळींच्या मनात रायडिंग क्लब काढायचं होतं. कॅप्टन साहेबांनी त्यांच्याशी बोलणं लावलं होतं. नदीकाठच्या मैदानावर आमच्या घोड्यांचे खेळ करायचे, उड्या आणि टेंट पेगिंग. लोक लोटले तर मंडळी घोडे ठेवून घेणार, म्हाताऱ्यांसकट, आणि दोन माणसं नोकरीला. बिराप्पा मला म्हणाला, "दोन मानसं म्हंजे तू आन मी. आनि कोन हाय हितं?"

पण लोकांना काय सांगणार? घोडा लोकांना ठाऊक तो वरातीतला किंवा टांग्याचा. टेंट पेगिंग म्हणजे जमिनीत ठोकलेली लाकडी मेख, दौडत्या घोड्यावरून भाल्यानं उपटायची. हे ऐकून साताऱ्यातला एक दुकानदार म्हणाला, "मेखच उपटायची तर हातानं उपटा की. घोडं कशापायी दमवताय?"

तेव्हा बिराप्पाच्या डोक्यातून ते चहाचं निघालं. भर बाजारात टेबल मांडायचं. मी खुर्चीत बसायचं, घोड्याकडे पाठ करून, हातात चहाची कपबशी. मागून बिराप्पा मैनेवर दौडत येणार, "मान!" म्हणून ओरडणार. मी मान खाली घालायची, ओठ कपाला लावायचे, आणि घोडी माझ्या डोक्यावरून, टेबलावरून पलीकडे. रिसालदार साहेब तडकले. "ही फौज आहे का तमाशा?" कॅप्टन साहेब हसले. म्हणाले, "कॅरी ऑन."

भीती वाटली का? पहिल्या वेळी वाटली. पाठीमागं टापा वाढत येतात आणि मागं बघायचं नाही. "मान!" हा एवढाच शब्द आपला. मग घोडीच्या पोटाखालचा गार वारा मानेवर, आणि पुढं धप्पकन आवाज. बिराप्पा परत येऊन आधी बशीत डोकावायचा. थेंब सांडलेला नसला की मिशीला पीळ भरायचा.

कराड, इस्लामपूर, आष्टा असे आम्ही बाजार करत सांगलीकडे निघालो. हलगीवाला पुढं. मैनेच्या गळ्यात पाटी: 'मी चहावाल्याच्या डोक्यावरून जाते. तुम्ही नुसतं बघायला या.' कराडात चहाऐवजी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. न्हाव्यानं तोंडाला साबण लावला, टापा ऐकल्या आणि वस्तरा टाकून पळाला. अर्ध्या दाढीनिशी मी दिवसभर हिंडलो. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसत होती. इतकं हसणं मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आष्ट्यात खेळ झाल्यावर मी आमच्या घराकडे गेलो. बिराप्पा न विचारता बरोबर आला. कुलूप गंजलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती, पण मी काही ती काढली नाही. दोघं पायरीवर बसलो. मैना दाराशी उगवलेलं गवत खात होती. बिराप्पा म्हणाला, "सांगलीला दोन खोल्या मिळतील. मी भाकरी थापतो, तू कालवण कर. बास की गड्या." मी हो म्हणालो. त्या पायरीवर मला खरंच बरं वाटलं.

सांगलीत लोक लोटले. नुसते लोटले नाहीत, बैलगाड्या जुंपून आले, झाडांवर चढले. क्लबाची मंडळी कोट घालून खुर्च्यांवर बसली होती आणि एकमेकांना गर्दी दाखवत होती. पहिला आयटम चहाचा. "मान!" घोडी गेली. बशी कोरडी. टाळ्या थांबेनात. रिसालदार साहेब माझ्या जवळून जाताना पुटपुटले, "झालं रे. घोडे वाचले."

मग टेंट पेगिंग. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोर बांधले होते. पण ही माणसं बैलगाड्यांच्या शर्यतीवर वाढलेली. आमच्या भागात शर्यतीला लोक चाकोरीतच उभे राहतात. गाडी अंगावर आली की शेवटच्या घटकेला फाकायचं आणि लगेच परत मिटायचं. ती त्यांची मर्दुमकी, तीच त्यांची मजा. लोक दोराखालून आत आले. मी एकाच्या दंडाला धरून मागं ओढलं. तो हसत म्हणाला, "आवं दफादार, आमी शर्यतीला असंच हुबं ऱ्हातो. घोडं आलं की बाजूला हू की!"

"ट्रॅक क्लिअर करो!" रिसालदार साहेब भोंग्यातून ओरडत होते. हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बिराप्पा दौडत निघाला होता.

बैल समोर बघून पळतो. पेगिंगचा स्वार समोर बघत नाही. त्याचा भाला खाली असतो, डोळा मेखेवर असतो. बिराप्पानं मेख उचलली. आधी माणसं जल्लोषानं आत धावली आणि मग त्यानं मान वर केली. पुढं वाट मिटलेली होती. फाकायला त्यांना जागाच उरली नव्हती, मागून रेटा होता.

भाला तसाच ठेवता तर माणसात घुसता. त्यानं भाला वर उचलून बाजूला भिरकावला आणि पुऱ्या दौडीत मैनेला नदीच्या अंगाला वळवलं. तिकडे उतार होता. घोडी घसरली आणि कुशीवर पडली. बिराप्पा खाली होता.

मी पोचलो तेव्हा मैना उठून उभी होती, थरथरत. त्याच्या छातीत काही शाबूत राहिलं नव्हतं. शुद्ध होती.

"कुनाला लागलं?"

"न्हाई."

"मैना?"

"हुबी हाय."

मग म्हणाला, "च्या सांडला न्हवता न्हवं?"

"थेंब न्हाई."

त्यानं मिशीकडे हात न्यायचा प्रयत्न केला. तो पोचला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. जतहून त्याचा भाऊ आला. तो घोंगडी पांघरून बसून होता. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे मराठी नव्हती आणि माझ्याकडे कानडी नव्हती. आम्ही नुसते शेजारी बसलो.

क्लबाच्या मंडळींनी हात झटकले. माणूस मरतो असला खेळ नको म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं, पण तेव्हा मला त्या कोटांचा भयंकर राग आला. आणि खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. साताऱ्याला परतताना बाजारात लोक मला अडवून विचारत होते, "दफादार, परत कवा हाय?" बिराप्पानं त्यांना घोड्याचं वेड लावलं होतं. ते बघायला तो नव्हता.

साताऱ्यात कास्टिंगचा हुकूम आला. त्या सकाळी मैनेला लाईनीतून बाहेर कुणी काढायचं, म्हणून विचारणा झाली. मी पुढं झालो. दोर सोडला आणि म्हणालो, "बा, मैना, बा."

आली. माझ्या हाकेला ती पहिल्यांदाच आली. वाटेत दोनदा थांबून तिनं मागं बघितलं. मग माझ्या खांद्याला तोंड घासत चालत राहिली. गोळी दुसऱ्यानं घातली. मी कासरा धरून उभा होतो.

मग मीही गादी गुंडाळली आणि आष्ट्याला आलो. कुलूप तेल घालून उघडलं. पुढं लग्न झालं, मुलं झाली, ऊस लावला. आता सून सकाळी टेबलावर चहा ठेवते. मी कप उचलतो आणि माझी मान आपोआप खाली जाते. घरच्यांना वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतो. मी त्यांना कधी सांगितलं नाही. कप ओठाला लावून मी थोडा वेळ तसाच थांबतो, कान मागं लावून. मग मान वर करतो, आधी बशी बघतो आणि चहा पितो.