बरं बाजूला ठेवा, दाबा

“बरं बाजूला ठेवा. दाबा.”

कुणी ‘बरं आहे’ म्हटलं की एवढं बोलून डॉक्टर उजव्या हाताची दोन बोटं पुढे करायचे. दवाखान्यात करायचेच, पण मासळीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. ज्याला आमवात असेल त्याने ती मुठीत धरून जोरात दाबायची. त्या काळात तुम्ही ठाण्यात असाल तर तुमच्याहीपुढे ती आली असतील. एका शेटजींना वाटलं, तपकीर मागताहेत. त्यांनी डबी उघडली.

मी मिठागरावर मुकादम, राहायला कोलशेतला. शाळा दुसरीपर्यंत. बायकोला आमवाताने धरलं तेव्हा गावात जो तो वैद्य झाला. एकाने बिब्बा सांगितला, एकाने वाळूचा शेक. शाळेच्या मास्तरांनी तर आमवात कसा होतो हे मला तासभर शिकवलं. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय? आपल्या बायकांना एकच उत्तर येतं. हात भाजला, बरं आहे. ताप चढला, बरं आहे. चितेवर ठेवून विचारलं तरी तेच सांगतील.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. “मुकादम, हा रोग आत जळत असतो. आज किती जळतोय ते कळल्याशिवाय औषध कमीजास्त कसं करू? तुम्ही पाण्यात हात न घालता सांगता का, मीठ धरेल म्हणून?”

हे मला पटलं. मग त्यांनी तिच्यापुढे बोटं केली. तिने पदर सारखा केला आणि त्या बोटांना नुसती शिवली, देवाच्या पायाला शिवावं तशी.

“मुठीत जोरच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या वाढवल्या. पुढच्या खेपेला ती पुन्हा शिवली. गोळ्या पुन्हा वाढल्या. तिच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. मी दारातून हाक मारावी, तर ती उठून खिडकी लावायची.

“आता सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं,” डॉक्टर म्हणाले. “पण जपून द्यावी लागतील. मूत्रपिंडाला बाधतात.”

तेव्हा ती बोलली. “गळ्यात कधी पडलं नाही, आता दंडात घालताय होय?”

मला राहवेना. म्हटलं, “डॉक्टर, तुम्ही शिकलेले. पण परक्या पुरुषाची बोटं कोणती बाई आवळेल? तेही नवऱ्यासमोर?”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग आपल्या बोटांकडे. “म्हणजे ठाण्यातल्या सगळ्याच बायका…” ते म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राची रबरी पिशवी गुंडाळली, थोडी हवा भरली आणि तिच्या हातात दिली. “ही तर परकी नाही ना, बाई?”

तिने दाबली. पारा सरसर चढला.

“एवढा जोर, आणि मी गोळ्या कोंबत होतो,” डॉक्टर म्हणाले. गोळ्या उतरल्या. रातकिडे गेले.

त्या पिशवीने दवाखान्याचा आखाडा केला. आमवाताची माणसं घरी लिंबं पिळून तालीम करून यायला लागली. मास्तर सर्दी घेऊन आले होते, त्यांनीही हात आजमावला. पारा हलेना तेव्हा म्हणाले, पिशवीला भोक आहे.

थंडीत मात्र तिचा पारा घसरायला लागला. तोंडाने बरं आहे चालूच.

“सकाळी अंबाडा घालायला बोटं कधी वळतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“चहा होतो तोवर.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “चहा कोण करतं?”

“मी,” म्हटलं. “आणि भाकरीची वेळ झाली तरी हिचे केस मोकळेच असतात.”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी चुगली केली. केलीच होती. मग डॉक्टरांनी सोनं सुरू केलं, दर खेपेला लघवी तपासून, पारा बघून. फार हळू वर आला तो. एका सकाळी चहा घेऊन गेलो तर अंबाडा घातलेला, वर अबोलीचा गजरा. मी कप ठेवला आणि कामावर गेलो.

पुढे डॉक्टरांनाच अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. भेटायला सगळं गाव. जो तो विचारणार, “डॉक्टर, बरं वाटतंय ना?” ते मान हलवणार, की हा निघाला घरी.

आम्ही गेलो. ही खाटेजवळ गेली, पदर सारखा केला आणि दोन बोटं पुढे केली.

“बरं बाजूला ठेवा. दाबा.”

माझ्यादेखत. डॉक्टरांनी डावा हात उचलला.

“तो नव्हे. उजवा.”

तिने त्यांचा उजवा हात आपणच उचलून बोटांवर ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला. बोटं नुसती शिवली.

“आज एवढंच आहे,” ती म्हणाली. “आठवड्याने परत बघते.”

डॉक्टर कितीतरी दिवसांनी हसले, अर्ध्या तोंडाने. ते जाईपर्यंत ती दर आठवड्याला जात होती.

आता तीही नाही. लोक रस्त्यात भेटतात, विचारतात, “मुकादम, बरं आहे ना?”

मी म्हणतो, बरं आहे. लगेच खरं मानतात आणि पुढे जातात.