महाबळेश्वर बघून आलेली साडी

माझ्या भाचीच्या साखरपुड्याची साडी साखरपुड्याआधी महाबळेश्वर बघून आली. तिच्याबरोबर मी आणि सासूबाईही बघून आलो, पण चौकशी झाली ती साडीचीच.

भाची म्हणजे महाडला दिलेल्या माझ्या नणंदेची मुलगी. मामाकडची साडी नेसल्याशिवाय ती पाटावर बसायची नव्हती. मामा म्हणजे आमचे हे. गुरांचं आटपून मागून येतो म्हणाले, आणि साडीची पिशवी माझ्या हातात देऊन आम्हा दोघींना आमच्या गावाहून, कापड्याहून, सकाळीच पुढं धाडलं. पोलादपूरला गाडी बदलायची होती.

आमच्याकडे एस.टी.त जागा धरायची रीत अशी, की गाडी थांबते न थांबते तोच खिडकीतून सीटवर पिशवी टाकायची. मग ती जागा आपली. (माझ्यासारख्या न बोलणाऱ्या बाईला ही रीत फार सोयीची. आपल्या वतीने पिशवीच भांडते.) पोलादपूरच्या स्टँडवर गाडी आली, गर्दी उसळली, सासूबाई म्हणाल्या, "टाक गो!" आणि मी टाकली. पाटी वाचली नाही. चौथी शिकले आहे, वाचता येतं. पण आधी जागा, मग वाचन.

गाडी सुटली. जरा वेळाने सासूबाई म्हणाल्या, "महाडच्या वाटेला पण आपल्यासारखंच आंब्याचं झाड हाय बघ."

"हां."

"खाली आपल्यासारखीच गाय."

गायीशेजारी आमचे हे उभे होते. सासूबाईंनी हात हलवला. ह्यांचाही हात वर गेला, तो तसाच वर राहिला.

"गाडी थांबवा," मी म्हटलं. पण इतकं हळू, की शेजारचे चाचा "बसा बेटी, नीट बसा" म्हणत सरकून बसले. मी नीट बसले.

गर्दीतून कंडक्टर आमच्यापर्यंत पोचला तेव्हा घाट लागला होता.

"दोन महाड," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, महाड पाठी ऱ्हायलं. ही महाबळेश्वर."

"मग उतरव."

"हितं? सोबतीला माकडं हायत. वर चला, परतीच्या गाडीत बसवून देतो."

मला रडूच आलं. पाटाशी खोळंबलेली भाची डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात सासूबाईंचं कोपर बसलं. "रडतेस काय? खाली बघ."

खाली आमचं सगळं खोरं होतं. ज्या डोंगरापाशी जग संपतं असं मी धरून चालले होते, तो आता आमच्या पायाखाली होता. त्याच्या पलीकडे डोंगर, आणि पलीकडे आणखी. इतकी वर्षं हे आमच्या मागच्या दाराशीच होतं! रडायचं राहून गेलं.

वर बोचरी थंडी. परतीच्या गाडीची वाट बघत सासूबाई सुती लुगड्यात कुडकुडल्या, मग त्यांनी पिशवी उघडली.

"आई, ती भाचीची साडी."

"मी तिची आजीच हाय. चालतं."

महाडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमचे हे आधीच पोचून सगळ्यांना सगळं सांगून मोकळे झाले होते. भाची जुन्या साडीत रुसून बसली होती, पाहुण्यांना पुन्हापुन्हा चहा चालला होता. सासूबाई हिरवी साडी कानांभोवती गुंडाळून दारात उभ्या राहिल्या.

"आये, आधी ती साडी सोड," नणंद म्हणाली.

"सोडते गो. पण तुमच्यातलं कोण वर गेलंय का?"

कोणीच गेलं नव्हतं. भाची चुरगळलेली साडी नेसून पाटावर बसली, आणि नवऱ्याकडच्या बायका कुंकू लावता लावता सासूबाईंना विचारू लागल्या, वर काय काय दिसतं म्हणून.

तेव्हापासून कार्याची पिशवी हे स्वतः सांभाळतात. माझ्याकडे देतात ती जागा धरायला, नुसत्या एका टॉवेलाची. पण आजही स्टँडवर अनोळखी गाडी लागली, की सासूबाई विचारतात, "ही कुठं जाते गो?"

आता मी पाटी वाचते. नीट, दोनदा वाचते.

"ठाऊक नाय, आई. असलं नाव कधी ऐकलं नाय."

"मग टाक पिशवी."