सहीनं आलेला वाटा

माझं शिक्षण चौथीत थांबलं, अक्षरही तिथंच थांबलंय. शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. कुणी वाचलंच तर चुका पोटात घाला.

एचआरच्या नेहा मॅडम पॅकिंगमध्ये फॉर्म घेऊन उभ्या होत्या आणि आम्ही बायका हात पदराखाली घेऊन बसलो होतो. सही कुणीच करेना.

"अहो, कंपनीत वाटा मिळणार आहे तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

"सही केली की वाटा जातो मॅडम," इंदूबाई म्हणाली. "येतो कुटं?"

सगळ्या हसल्या. आमच्यातल्या बहुतेकींनी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सही करून सोडलेला. मीही मोडनिंबचा माझा हिस्सा दादाला सोडून दिला होता.

मॅडमनी पुन्हा समजावलं. सोलापूरचा आमचा कारखाना ही लेक, तिची आई परदेशात. अशा लेकीला सबसिडरी म्हणतात. शेअर म्हणजे मालकीचा बारीक तुकडा, तोही आईच्या कंपनीतला. वर्षभर पगारातून पैसे कापायचे. दोन शेअर घेतले की एक फुकट. मात्र तीन वर्षं विकायचे नाहीत.

एकदा सही करून गेलं, आता करून येतंय का बघू, म्हणून मी सही केली.

पगार कमी येऊ लागला आणि पोरीची फी अडली. दादाकडून तीस हजार उसने आणले. शेअर विकून फेडीन, असं सांगितलं.

पुढच्याच वर्षी भाव पडला. दर रविवारी दादाचा फोन. "काय मालकीणबाई, तुमच्या रानात पाऊस हाय का न्हाय?"

मॅडमना भाव विचारायला मला लाज वाटे. मी इंदूबाईला पाठवायची. ती येऊन सांगायची, "आई अजून आजारीच हाय तुजी."

मुदत संपता संपता आई बरी झाली. मॅडमनी शेअर विकून दिले. कर जाऊन पैसे बँकेत आले.

मोडनिंबला जाऊन तीस हजार दादापुढं ठेवले. त्यानं दोनदा मोजले. मी कागद पुढं सरकवला. "पैसे पोचले म्हणून सही कर."

"भैनीला सही द्यायची व्हय?"

"मी दिली हुती की."

वहिनी आत हसली. दादानं सही केली.

सही वाईट नसते, कागद कुणाकडं राहतो ते बघावं. हा मी घडी करून पर्समध्ये ठेवला. दादाचे पैसे पुरते फिटले.