खिडकीतल्या बाईचा चेहरा

देवपूरच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि विषय घेतला खानदेशातल्या तमाशा फडांचे रंगवलेले पडदे. बहुतेक पडदे फाटून, उंदरांनी कुरतडून संपले होते. एकच धड मिळाला, तो एरंडोलला, तो रंगवणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकाराच्याच घरी; त्यांना सगळे चाचा म्हणत. फड मोडल्यावर मालकाने तो त्यांना देऊन टाकला होता.

पडद्यावर राजरस्ता, दुतर्फा माड्या आणि एका खिडकीत उभी बाई. लुगड्याचा काठ, बांगड्या, चौकटीवर टेकलेली बोटं, सगळं बारकाईने काढलेलं. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता करडा रंग. त्या कोऱ्या चेहऱ्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं: प्रेक्षकांची नजर, बाईचं नाकारलेलं अस्तित्व, असं बरंच. जळगावच्या चर्चासत्रात त्याला दाद मिळाली. मार्गदर्शकांना तर ते प्रबंधातलं सर्वांत भक्कम प्रकरण वाटत होतं.

काय लिहिलं ते चाचांनाही ऐकायचं होतं. त्यांना आता दिसत कमी होतं, म्हणून मी सोपं करून वाचून दाखवलं. मान खाली घालून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलं, मॅडम," ते म्हणाले. "पण चेहरा होता. मीच पुसला."

कुणाचा, मी विचारलं.

"मनी घरवालीना," माझ्या बायकोचा, असं ते अहिराणीत बोलून गेले.

पडदा रंगवताना त्यांनी बायकोला तसंच खिडकीशी उभं केलं होतं. पुढे ती पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. चाचा मात्र फडाबरोबर हिंडत राहिले. पडदा लागला की गावोगावचे लोक तिच्याकडे बघत बसायचे, ते त्यांना सोसवेना. चोपड्याच्या मुक्कामात एका दुपारी त्यांनी ब्रश हातात घेतला.

हे लिहू का, असं मी विचारलं.

"लिहा. फक्त तिचं नाव नका टाकू."

मार्गदर्शक म्हणाले, चित्रकाराचं म्हणणं तळटिपेत द्या, तुमचा अन्वयार्थ राहू द्या. अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचं चुकत नव्हतं. पण मला ती पानं पुन्हा वाचवेनात. मी ती काढली. प्रबंध वर्षभर लांबला. त्या जागी चाचांच्या शब्दांत दीड पान आलं. तोंडी परीक्षेत एकाने विचारलं, इथे विश्लेषण कुठे आहे? नाही, असं मी सांगितलं. बरीच चर्चा झाली, पण पदवी मिळाली.

ते दीड पान घेऊन मी एरंडोलला गेले. चाचांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना मीच मध्ये अडले, तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या चाचपडत माझ्याकडे सरकवला आणि मी पुढे वाचेपर्यंत ते थांबून राहिले.