खोकल्याची जागा

पोस्टरबाईंना हे नाव मुळीच आवडत नसे. आरोग्य खात्यात त्यांच्या टेबलावर पाटी होती, तिच्यावर त्यांचा हुद्दा दोन ओळी भरून लिहिला होता आणि तो एका दमात वाचून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. वस्तीतल्या लोकांना एवढा वेळ कुठला? त्यांनी आपलं सुटसुटीत नाव ठेवलं. तसं ते खोटंही नव्हतं. लोकांनी हात धुवावेत, पाणी उकळून प्यावं, तंबाखू सोडावी, आजार अंगावर काढू नये, यासाठी त्यांना काय सांगायचं, कुणाच्या तोंडून सांगायचं आणि ते गळी कसं उतरवायचं, याच्या योजना आखणं हे बाईंचं काम. सांगून माणसं सुधारतात यावर त्यांच्या सासूबाईंचा मात्र काडीचा विश्वास नव्हता. "माझा मुलगा अजून ओला टॉवेल गादीवर टाकतो," त्या म्हणायच्या, "आणि ही शहर सुधारायला निघालीय."

पण बाई कामाला पक्क्या होत्या. कुठलंही चित्र छापण्याआधी त्याचा कच्चा नमुना घेऊन त्या गल्लीबोळांत फिरायच्या आणि दारात बसलेल्या माणसांना विचारायच्या, "यात काय दिसतंय?" एकदा हात धुण्याच्या चित्रात चित्रकाराने साबणाचा फेस पिवळट रंगवला, तर बायका हळहळल्या, "अगं बाई, केवढा भाजलाय हात!" ते चित्र तिथल्या तिथे बाद झालं. आपण काय सांगितलं ते सोडा, समोरच्याने काय ऐकलं ते बघा, असं त्या खात्यात येणाऱ्या नव्या लोकांना सारखं शिकवायच्या. आणि हे शिकवणाऱ्या बाईंनीच, एक माणूस हाताच्या अंतरावर उभा असताना, त्याचं ऐकलं नाही.

तेव्हा टीबीची मोहीम होती. भिंतीवरच्या चित्रांना लोक विटले होते. त्यांच्यावर सायकली टेकवायचे. बाईंना आवाज हवा होता. गल्लीतून फिरणारी गाडी, तिच्यावर कर्णा, आणि कर्ण्यातून ओळखीचा माणूस बोलतोय. असा आवाज सगळ्या शहरात एकाच माणसाचा होता, भोंगामामांचा. दुकानात सेल लागला, उद्या पाणी येणार नाही, कुणाचं पोर हरवलं, सगळं मामा ओरडून सांगायचे. अंगाने काडीपैलवान, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅस बारीक करून खिडकीत यायची. त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणत आणि मुलीचं नाव लोकांनी ओघानेच पिपाणी ठेवलं होतं.

रेकॉर्डिंगची खोली तळघरात होती, खुराड्याएवढी. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकलेल्या आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर आत जाते. काचेच्या पलीकडे मामा घाम पुसत उभे, अलीकडे बाई आणि रेकॉर्डिंगवाला. मजकूर बाईंनीच लिहिला होता. "ऐका हो ऐका! खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर घरात बसू नका. थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषधं फुकट. टीबी बरा होतो." एवढंच. मामांनी सुरुवात झोकात केली आणि 'दोन' म्हणताच त्यांना खोकला आला. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच आला.

"घसा धरलाय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"घशाचाच धंदा, ताई. रस्त्यावरची धूळ खाऊन पोट भरतो आम्ही." मामा हसले आणि हसता हसता परत खोकले.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. खोली दुपारपर्यंतच मिळाली होती. त्यांनी गरम पाणी मागवलं, मामांना थोडं बसवलं, आणि मग बटण दाबून गोड आवाजात म्हणाल्या, "मामा, जरा खोकला आवरा ना. एवढं एकच वाक्य राहिलंय." मामांनी आवरला. जो आवरला नाही तो रेकॉर्डिंगवाल्याने मागाहून कापून काढला. काम इतकं सफाईदार झालं की बाईंनी त्याला चहा पाजला.

मोहीम गाजली. केंद्रावर तपासणीला रांगा लागल्या, साहेबांनी भरल्या बैठकीत बाईंची पाठ थोपटली. आणि त्याच सुमारास भोंगामामा रस्त्यातच रक्त ओकून पडले. दोन्ही फुप्फुसं पोखरलेली निघाली. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. गाडी इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावरूनही जायची, तेव्हा टीबी बरा होतो हे स्वतःच्याच आवाजातलं आश्वासन मामांनी खाटेवर पडून ऐकलं असणार. मामा गेले. गाडी फिरतच राहिली, कारण आवाज लोकांच्या पसंतीचा होता आणि ती थांबवा असं कुणी लेखी कळवलं नव्हतं.

भुताखेतांवर बाईंचा विश्वास नव्हता. अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धच्या दोन मोहिमा त्यांनीच तर आखल्या होत्या. पण आता त्यांना त्या आवाजात एक फट ऐकू येऊ लागली. 'दोन' आणि 'आठवड्यांहून' यांच्यामध्ये, अर्ध्या श्वासाएवढी. दुसऱ्या कुणाला ती सांगूनही कळली नसती. गाडी लांबून यायची, मामा म्हणायचे 'दोन', आणि बाईंचा श्वास अडकायचा. मग त्या फटीतून कुणीतरी खोकायचं. बाई ऑफिसची खिडकी लावून घेऊ लागल्या. घरी जायचा रस्ता बदलला, तर गाडीनेही नेमका तोच धरला. एकदा जेवताना नवऱ्याला ठसका लागला आणि बाई हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "अगं, पाणी उलटं गेलं," तो म्हणाला. "मी मेल्यासारखं काय बघतेस?" बाईंना रडू आलं, ते त्यांनी भांडी आवरायच्या निमित्ताने मोरीवर नेलं.

त्यातच केंद्रावरची नर्स येऊन सांगून गेली. घरात टीबीचा रोगी असला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते, पण मामी दारच उघडत नव्हत्या. "पोरगी बापाच्या कुशीत झोपायची म्हणतात," नर्स म्हणाली. "शेजारीण सांगते, हल्ली तीही खोकते. मी जाऊन जाऊन थकले, मॅडम." मुलगी लवकर केंद्रावर आली तर वाचेल, नाहीतर बापाच्या वाटेने जाईल, इतकी ती साधी गोष्ट होती. बाईंनी पर्स उचलली आणि निघाल्या.

मामींची खोली इस्त्रीच्या दुकानावर होती. जिन्यात गरम कापडाचा वास भरलेला. दार बोटभर उघडलं, साखळी तशीच राहिली. बाईंनी अशा वेळी काय बोलायचं हे शेकडो लोकांना शिकवलं होतं: आधी चौकशी, मग दिलासा, मग मुद्दा. त्या चौकशीपर्यंतही पोचल्या नव्हत्या तोच खालून गाडी आली. ऐका हो ऐका. मामी मजकूर संपेपर्यंत दाराला धरून उभ्या राहिल्या.

"हा कोण आहे?" गाडी पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"अहो मामी, हे तर..."

"ह्यांनी शेवटचं वर्षभर एवढं लांबलचक कधी न खोकता बोलून दाखवलं नाही. पाणी दे म्हणतानाही खोकायचे. तुमच्या गाडीत हा जो बसलाय, तो कुणी वेगळाच आहे. बरा होतो म्हणतो, खोटारडा! ह्याच्या शब्दावर मी माझी पोर तुमच्या हवाली करू?"

आतून आवाज आला. उशीत तोंड खुपसून खोकल्यासारखा, दबलेला. मामींनी मान वळवली. "हळू गं," त्या आत बघून म्हणाल्या.

बाईंना पळून जावंसं वाटलं. जिना मागेच होता. पण जे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं. "ते खोकत होते, मामी. सारखे खोकत होते. मी ते कापायला लावलं."

मामी ओरडतील, दार तोंडावर आपटतील, असं बाईंना वाटलं होतं. मामींनी साखळी काढली. मग म्हणाल्या, "मग ते कुठे आहेत?"

"काय?"

"खोकले. कापलेत ना? टाकून दिलेत का कुठे ठेवलेत?"

हे रेकॉर्डिंगवाल्यालाच ठाऊक होतं, म्हणून बाई मामींना घेऊन तळघरात गेल्या. "मूळचं आम्ही कधी पुसत नाही, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने दोघींना त्या खुराड्यात बसायला स्टुलं दिली. पंखा सवयीनेच बंद केला. मग सतरंज्यांच्या त्या भिंतींतून मामा बोलू लागले, खोकू लागले, "माफ करा हं ताई, पुन्हा घेऊ" म्हणू लागले. मामींनी डोळे मिटून घेतले होते. त्या प्रत्येक खोकल्याला मान हलवत होत्या, ओळखीचं माणूस भेटल्यावर हलवावी तशी. आणि मग खोलीत एक बाई बोलली, अगदी गोड, अगदी जवळून. मामा, जरा खोकला आवरा ना.

स्वतःचा आवाज बाईंनी ओळखला. इतके दिवस त्या मामांना घाबरत होत्या, आणि त्या फटीत तर त्या स्वतःच बसलेल्या होत्या.

"मीही हेच म्हणायचे," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "भिंत पातळ आहे आमची. शेजारी ऐकतील, टीबी आहे म्हणतील, पोरीशी कुणी बोलणार नाही. म्हणून मी रोज म्हणायचे, हळू, जरा आवरा. बिचारे आवरायचे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "हे लावा गाडीवर. सगळं. तुमचंसुद्धा."

साहेब अर्थातच उडाले. "लोक घाबरतील! आणि त्यात आपल्या खात्याची बाई रोग्याला गप्प करतेय, हे आपणच कर्णा लावून सांगायचं? शोभा होईल!" बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नेहमीचं केलं. नमुना घेऊन गल्लीत गेल्या, दारात बसलेल्या माणसांना ऐकवला आणि विचारलं, "काय ऐकू आलं?" एक म्हातारा आत स्वयंपाकघराकडे नजर टाकून हळूच म्हणाला, "ही बाई आमच्या सुनेसारखीच बोलते." बाईंनी ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. साहेबांचे वडील घरी खोकायचे की काय कोण जाणे, पण ते जरा वेळ पेन्सिल फिरवत बसले आणि म्हणाले, "लावा. जबाबदारी तुमची."

गाडी नव्या रेकॉर्डिंगसह निघाली त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. दोन-तीन पोरांनी मागे पळत खोकल्याची नक्कल केली, एका दुकानदाराने ही काय कटकट म्हणून शटर अर्धं ओढलं. बाई तिच्या मागे चालत मामींच्या खिडकीखालून गेल्या. खिडकी बंद होती. त्यांना वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पिपाणीला घेऊन केंद्रावर आल्या.

थुंकी उघड्यावर घ्यायची असते, म्हणून नर्सने मुलीला मागच्या अंगणात नेलं आणि हातात डबी दिली. "खोल श्वास घे बघू. आता खोक." पिपाणीने श्वास घेतला. खोकला आला तसं तिने तोंड कोपरात घातलं. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली, पण आवाज आला नाही. नर्सने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तसंच केलं. इतकं सफाईदार, की बाईंना ते बघवेना. आपल्या मशीनने जे केलं ते ही पोर आपल्या गळ्यानेच करत होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गाडी गेली. ऐका हो ऐका, खोकला दोन... आणि मामा खोकले, मोकळेपणी, सगळ्या रस्त्यावर. पिपाणी डबी धरून ऐकत राहिली. मग ती गोड बाई बोलली, जरा खोकला आवरा ना, आणि पिपाणीने चमकून पोस्टरबाईंकडे बघितलं. दाराबाहेरून ऐकलेला तो आवाज तिने ओळखला होता.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघ्याला खडी टोचत होती. "त्या बाईचं ऐकू नकोस," त्या म्हणाल्या. "तिला काही कळत नव्हतं. तू खोक, बाळा. मोठ्याने खोक."

पिपाणीने आईकडे बघितलं, कोपर खाली घेतलं आणि खोकली. तो खोकला थेट बापाचा होता, तीच खरखर, तोच शेवटचा हेलकावा. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मामींनी सवयीने 'हळू' म्हणायला तोंड उघडलं, आणि न बोलताच मिटलं.